रिमोट मालकाच्या हातात देण्याआधी: ई-कॉलर वापरणाऱ्या ट्रेनरांना खुले पत्र

ई-कॉलर (रिमोटवरून कुत्र्याच्या मानेला विजेचा झटका देणारा पट्टा) लावून कुत्र्यांना ऑफ-लीश, म्हणजे दोरीविना मोकळं राहायला, शिकवणाऱ्या सर्व ट्रेनर मंडळींना,

स.न.वि.वि.

मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते, आणि तुमच्याकडून शिकून गेलेली काही कुत्री पुढे माझ्याकडे येतात. ज्यांचं काही बिनसलंय तीच येतात, त्यामुळे तुमच्या कामाची वाईट बाजूच माझ्या वाट्याला येते हे मला ठाऊक आहे. ज्यांचं छान चाललंय ते कशाला माझ्याकडे येतील? तेव्हा हे पत्र म्हणजे तुमच्या सगळ्या कामावरचा निकाल नव्हे. तुमच्यातल्या अनेकांचा कुत्र्यांवर जीव आहे, हेही मी पाहिलंय. माझं भांडण एका ठरावीक गोष्टीशी आहे. कॉलर लावताना तुम्ही मालकाला जे सांगता आणि मैदानात ती कॉलर जे करते, त्यांचा मेळ बसत नाही.

तुम्ही सांगता, हा शॉक नाहीच. हा 'स्टिम' आहे, नुसती टिचकी, खांद्यावर कुणी बोट टेकवावं तशी. मग मालकाच्या तळहातावर यंत्र टेकवून सगळ्यात खालची पातळी दाबून दाखवता. तो हसतो, "हात्तिच्या, एवढंच?" म्हणतो आणि नाव नोंदवून मोकळा होतो. आणि पुढच्याच वाक्यात तुम्ही त्याला सांगता की मांजरामागे सुसाट सुटलेला त्याचा कुत्रा या बटणावर गर्रकन वळेल.

दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? पाठलागाच्या भरात असलेल्या कुत्र्याच्या पंजात काटा घुसतो, कान फाटतो, आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. घरी येऊन चाटायला बसला की मगच आपल्याला रक्त दिसतं. अशा अवस्थेतला कुत्रा टिचकीने थांबणारा असता तर मालकाच्या हाकेनेच थांबला असता. त्याला थांबवते ती चढवलेली पातळी. हे तुम्हालाही माहीत आहे, रिमोटवर आकडे असतात ते त्यासाठीच. टिचकी दाखवून गिऱ्हाईक मिळवायचं आणि दणका देऊन निकाल मिळवायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

तळहाताच्या प्रयोगाबद्दल आणखी थोडं. यंत्राचे दोन धातूचे खिळे कातडीला टेकतात आणि त्यांच्यामधल्या भागातून क्षणभर वीज जाते. कितपत लागेल हे कातडी कोरडी आहे की ओली, केस दाट आहेत की विरळ, पट्टा किती आवळलाय, यावर ठरतं. त्यामुळे रिमोटवरचा '२०' हा आकडा तसा निरर्थकच. एका कंपनीचा २० दुसऱ्या कंपनीच्या २० शी जुळत नाही. सकाळी कोरड्या मानेवर जेमतेम जाणवलेली पातळी, कुत्रा डबक्यातून निघाल्यावर वेगळीच लागू शकते. माणसाच्या तळहाताची कातडी जाड, कुत्र्याच्या मानेची पातळ. पण मला खरा फरक वाटतो तो वेगळाच. तळहात पुढे करणाऱ्याला माहीत असतं की आता काहीतरी होणार आहे, कुठून होणार आहे आणि हात मागे घेतला की संपणार आहे. कुत्र्याला यातलं काहीही माहीत नसतं.

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, "बाई, तुम्ही जुन्या काळात अडकलात. आम्ही शिक्षा करतच नाही. आम्ही शून्यापासून सुरू करतो, कुत्र्याने कान हलवला किंवा मान खाजवली की तिथे थांबतो. तीच कामाची पातळी. मग दोरीला धरून हाक, सोबत हलका स्टिम, वळला की बटण सोडायचं." हो, ही पद्धत मी पाहिली आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत शिकारी कुत्र्यांसाठी निघालेल्या, एकाच जबर पातळीच्या यंत्रांपेक्षा ही निश्चितच पुढची आहे. पण तिच्यात शिकवतंय कोण, हे बघा ना. कुत्रा वळतो कारण वळल्यावर काहीतरी थांबतं. ते थांबावं असं त्याला वाटत नसेल, तर थांबण्याला काडीची किंमत नाही आणि त्यातून तो काही शिकणारही नाही. म्हणजे पातळी कितीही खाली असो, ती नकोशी असणं हाच पद्धतीचा पाया आहे. नकोसेपण काढून घेतलं तर हाती उरतं कुत्र्याच्या गळ्यात अडकवलेलं एक खोकं. मग मालकाला 'नकोशी' हा शब्द सांगायला जीभ का अडखळते?

नकोसं म्हणजे नेमकं किती, हे आकड्यावरून कळत नाही. चेहऱ्यावरून कळतं. एक जेमतेम वर्षाचा, लांब पायांचा, उमदा कुत्रा माझ्याकडे आला तो रिकॉलसाठी (हाकेवर परत येण्यासाठी) नव्हे, रात्री घरात येरझाऱ्या घालतो म्हणून. मालक म्हणाला, "रिकॉल मात्र एकदम परफेक्ट आहे, दाखवतो." मोकळ्या जागेत गेलो. कुत्रा बराच लांब गवतात नाक खुपसून होता. मालकाने एकदाच हाक मारली. कुत्रा ताडकन वळला आणि पळत आला. लांबून बघणाऱ्याने टाळ्या वाजवल्या असत्या. मी खाली बसून बघत होते. तो सरळ आलाच नाही. शेवटच्या टप्प्यात वळसा घेऊन, अंग चोरून, कान मागे पाडून आला आणि हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबला. तोंड घट्ट मिटलेलं, मधूनच जीभ ओठांवरून फिरत होती. नजर मालकाच्या तोंडाकडे नव्हती, उजव्या हाताकडे होती. मालकाने त्याला शाबासकी द्यायला खिशातून खाऊ काढायचा म्हणून हात खिशात घातला. रिमोट त्याच खिशात असायचा. कुत्रा होता तिथे दगडासारखा थिजला. खाऊ त्याच्या पुढ्यात पडला तरी त्याने वास घेतला नाही.

मालकाला यातलं काही दिसलं नव्हतं. त्याने बघितलं ते एवढंच की कुत्रा आला. आणि त्याला 'आला की झालं' असंच शिकवलं गेलं होतं.

हे माझ्या एकटीच्या नजरेचं खूळ म्हणून सोडून देता येणार नाही. नेदरलँड्समध्ये स्खिल्डर आणि फान देर बोर्ख या दोघांनी २००४ साली राखणीच्या कामासाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास छापला. कॉलरने शिकवलेली कुत्री आणि तितक्याच कडक शिस्तीत पण कॉलरविना शिकवलेली कुत्री, अशी तुलना होती. कॉलरवाली कुत्री सरावाच्या मैदानातच नव्हे, बागेत नुसतं फिरायला नेल्यावरही जास्त ताणाखाली दिसली. मालकाचं जवळ असणं हीच धोक्याची खूण आहे असं त्यांनी मनाशी बांधलं होतं. ऑफ-लीशच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, विचार करा. जो कुत्रा आपल्या माणसाजवळ आल्यावर आक्रसतो, त्याच्या गळ्यातून दोरी काढून घेण्यात कसलं यश आहे?

जर्मनीतला हॅनोव्हरचा प्रयोग त्याहून बोलका आहे. २००७ साली शाल्के आणि सहकाऱ्यांनी १४ बीगल घेतले, त्यांचे तीन गट केले आणि लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. पहिल्या गटाला सशाच्या आकाराच्या खोट्या शिकारीला तोंड लावलं त्याच क्षणी शॉक. दुसऱ्याला हाक मारूनही आला नाही तर शॉक. तिसऱ्याला केव्हाही, कशाशी काही संबंध नसताना. ताण सगळ्यात कमी चढला तो पहिल्या गटात, कारण 'याला तोंड लावलं की लागतं, नाही लावलं की लागत नाही' हा हिशेब कुत्र्याला कळत होता. सगळ्यात जास्त चढला तो तिसऱ्यात. आणि दुसरा, हाक ऐकली नाही म्हणून शॉक मिळालेला, पहिल्याच्या जवळपासही नव्हता, तोही वरच होता. बटण दाबणारे हात तिथे तज्ज्ञांचे होते, प्रयोगाची जागा आखीव होती, तरी ही गत. आपण जिला रिकॉल म्हणतो ती नेमकी दुसऱ्या गटाची परिस्थिती आहे.

आता तेच रिमोट मालकाच्या हातात द्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पोराचं बोट. कुत्रा हाक ऐकून वळायला लागलाय आणि याने तेवढ्यात घाबरून बटण दाबलं. झालं, वळण्याची शिक्षा मिळाली. किंवा कुत्रा थांबून सायकलवाल्याकडे बघतोय, हाक त्याच्या कानावर नीट पडलेलीही नाही, आणि मानेवर फटका बसला. कुत्रा 'मी आलो नाही म्हणून' असं वाक्य मनात जुळवत नाही. त्या क्षणी डोळ्यांसमोर जे असेल, नाकात जो वास असेल, त्याच्याशी तो वेदनेची गाठ मारतो. समोर सायकल असेल तर सायकलशी, लहान मूल असेल तर मुलाशी, दुसरा कुत्रा असेल तर कुत्र्याशी. पोल्स्की यांनी २००० साली विजेच्या अदृश्य कुंपणाशी निगडित अशा पाच चाव्याच्या घटनांचा अभ्यास छापला होता. कुंपण वेगळं, रिमोट वेगळा, मान्य. पण वेदनेचं खापर समोरच्या माणसावर फुटतं, ही यंत्रणा दोन्हीकडे तीच.

माझ्याकडे येणाऱ्यांत हे चित्र सगळ्यात नेहमीचं आहे. कुत्रा मुळात फाजील मनमिळाऊ. दिसेल त्या कुत्र्याकडे धाव घेणारा, हाक न ऐकणारा. त्यासाठी कॉलर आली. दुसऱ्या कुत्र्याकडे निघाला की दाब बटण. काही आठवड्यांनी तो धावायचा थांबला, व्हिडिओ निघाला, सगळे खूश. आणखी काही महिन्यांनी तो दुसरं कुत्रं लांबून दिसलं तरी गुरगुरायला लागला. मालकाने ट्रेनरला फोन केला. उत्तर मिळालं, "पातळी वाढवा."

यावर "तो ट्रेनरच अडाणी असणार, आम्ही तसे नाही" असं म्हणणं सोपं आहे. त्यासाठीच लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासाकडे तुमचं लक्ष वेधते. ब्रिटिश सरकारच्या पैशातून झालेला हा अभ्यास कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. ६३ कुत्री, सगळी घरगुती, सगळ्यांची तक्रार आपल्याच विषयातली: मोकळं सोडलं की परत येत नाही, मेंढरांमागे लागतं. २१-२१ चे तीन गट. कॉलर वापरणारे ट्रेनर कुणी ऐरेगैरे नव्हते, कॉलर उत्पादकांच्या संघटनेने सुचवलेले होते. त्याच ट्रेनरांनी एका गटाला कॉलरने शिकवलं, दुसऱ्याला कॉलर न वापरता. तिसरा गट बक्षिसावर भर देणाऱ्या ट्रेनरांकडे. निकाल काय? सुधारणा तिन्ही गटांत झाली आणि कॉलरचा असा कोणताही ठोस फायदा निघाला नाही. कॉलरच्या गटात ताठरलेली अंगं आणि जांभया मात्र जास्त. त्याच कुत्र्यांच्या चित्रफिती पुन्हा तपासून २०२० साली दुसरा निबंध आला. त्यात बक्षिसावर शिकलेली कुत्री 'ये' आणि 'बस' या आज्ञा जास्त चटकन पाळताना आणि कमी आज्ञांत ऐकताना दिसली.

पण माझ्या लेखी या अभ्यासातली सगळ्यात मोलाची ओळ कुत्र्यांबद्दलची नाहीच. कॉलरच्या गटातल्या मालकांना, शिकवलेली पद्धत आपल्याला पुढे स्वतः वापरता येईल याचा भरवसा कमी वाटत होता. तुमच्यातल्या निवडक हातांनी शिकवूनही! ही माणसं मूर्ख नव्हती. आपल्या हातात काय दिलं गेलंय हे त्यांना कळलं होतं.

तुमच्या बाजूचा पुरावाही मी झाकून ठेवणार नाही. २०२४ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या क्लाइव्ह विन यांनी एका सहकारी संशोधिकेसह १९ कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. वेगाने सरकणाऱ्या खोट्या शिकारीमागे धावायचं थांबवणं हे काम होतं. कॉलरच्या गटातली कुत्री एक-दोन छोट्या सत्रांतच थांबली, खाऊवर शिकवलेल्या दोन्ही गटांतली तेवढ्या सत्रांत थांबली नाहीत. तुमच्या गटांमध्ये हा निबंध फिरतोय आणि का फिरू नये? पाठलाग झटपट मोडायचा तर जबर नकोसं काहीतरी लवकर काम करतं, हे त्यातून दिसतं, आणि मी ते नाकारत नाही. फक्त दोन गोष्टी त्याच निबंधात आहेत त्याही फिरवा. शॉक बसला तेव्हा कुत्री कळवळली. म्हणजे टिचकीची गोष्ट इथे तुमच्याच पुराव्याने निकालात निघाली. आणि खाऊच्या गटांना मिळालेली सत्रं पाच. पाच सत्रांत पाठलाग मोडून दाखवतो, असा दावा खाऊवर शिकवणारा कुणी शहाणा ट्रेनर करत नाही. तो महिने सांगतो.

न्यूझीलंडचं उदाहरणही तुम्ही देता. तिथे किवी पक्षी उडू शकत नाहीत आणि शिकाऱ्यांची कुत्री त्यांना सहज मारतात. म्हणून किवी असलेल्या रानात कुत्रं न्यायचं तर किवीपासून दूर राहण्याचं शिक्षण त्याला द्यावं लागतं, आणि ते ई-कॉलरनेच देतात. माझा याला फारसा विरोध नाही. पण तिथली रीत बघा. शिकवणारा त्या कामाचा माणूस असतो, वास आणि दृश्य नेमकं ठरलेलं असतं, फटका त्याच क्षणी बसतो, काम उरकलं की कॉलर उतरते. रिमोट मालकाच्या घरी जात नाही. हॅनोव्हरचा पहिला गट तो हाच. तुम्ही मात्र तोच दाखला देऊन रोजच्या फिरण्यासाठी, जन्मभरासाठी, कुणाच्याही हातात रिमोट सोपवता.

जन्मभर हा शब्द मी उगाच वापरला नाही. 'ऑफ-लीश तयार' म्हणून घरी पाठवलेल्या कितीतरी कुत्र्यांची कॉलर कधीच उतरत नाही. उतरली की ऐकणं संपतं, कारण मानेवर वजन आहे की नाही एवढं कुत्र्याला नक्की कळतं. काही मालक दिवसभर ती तशीच ठेवतात, आणि मग मानेखाली जिथे खिळे टेकतात तिथले केस झडतात, कातडी ओली होते, दोन गोल जखमा तयार होतात. लोक त्याला विजेने भाजलं असं समजतात. बहुतेक वेळा ते सततच्या दाबाचं घसपटणं असतं. पण तासातासाला जागा बदला, रात्री काढा, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि आता तो हमखास येणारा मुद्दा: "कॉलर नसती तर हा कुत्रा गाडीखाली आला असता. हा शेवटचा उपाय आहे." शेवटचा उपाय म्हटला की आधी कोणते करून पाहिले हे विचारायला नको का? मी विचारते. उत्तर बहुधा असं येतं, "खाऊ देऊन पाहिला, त्याला खाण्यात रस नाही." म्हणजे दुसरं कुत्रं समोर असताना, उघड्या मैदानात, कधी काही शिकवलेलं नसताना त्याच्या नाकासमोर बिस्किट नाचवलं.

लांब दोरीचं काम नेटाने केलेला मालक मला तुमच्याकडून आलेल्यांत क्वचितच भेटला. म्हणून ते काम कसं असतं हे इथे थोडं सविस्तर लिहिते, तुमच्यासाठी नव्हे (तुम्हाला येतंच), हे पत्र वाचणाऱ्या मालकांसाठी. दहा ते पंधरा मीटरची दोरी, वजनाने हलकी, गुंडाळणाऱ्या यंत्रातली नव्हे. ती गळ्यातल्या पट्ट्याला कधीही लावायची नाही, पाठीवर कडी असलेल्या हार्नेसला लावायची, नाहीतर कुत्रा पूर्ण वेगात टोकाला पोचल्यावर मानेला जबर हिसका बसतो. दोरी जमिनीवर घसटत राहू द्यायची आणि टोकाकडचा काही हात लांबीचा भाग आपल्या टप्प्यात ठेवायचा. हाकेसाठी असा एक शब्द किंवा शिट्टी निवडायची जी आजवर वाया गेलेली नाही. दिवसातून शंभरदा "ये, ये, ये ना रे" म्हणून झिजलेला शब्द टाकून द्यायचा. पहिले काही दिवस घरातच: शब्द उच्चारला की लगेच चिकनचा तुकडा, मग कुत्रा काहीही करत असो. नंतर अंगण, मग शांत मैदान, मग लांब अंतरावर एखादं कुत्रं असलेलं मैदान. येणार नाही असं वाटत असताना हाक मारायचीच नाही, मुकाट्याने दोरी धरून जवळ जायचं. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.

आणि आल्यावर? इथे लोक चुकतात ते असं की आला की दोरी अडकवून घरी नेतात. कुत्र्याच्या हिशेबात हाक म्हणजे मजा संपली. म्हणून दहातल्या नऊ वेळा तो आला की खाऊ द्यायचा आणि 'जा' म्हणून परत सोडायचं. ज्याकडे तो निघाला होता तिथेच जायची परवानगी हे खाऊहून मोठं बक्षीस ठरतं. मानसशास्त्रात डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व ते हेच: जे करायची ओढ जास्त, ते करू देणं हे कमी ओढीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. खारीकडे बघून मग स्वतःहून आपल्याकडे वळून बघणाऱ्या कुत्र्याला खारीच्या झाडाखाली सोबत घेऊन जा आणि वास घेऊ द्या. काही आठवड्यांनी तो खार दिसली की आधी तुमच्याकडे बघायला लागतो. मला या कामात या एका क्षणाइतकं दुसरं काही आवडत नाही.

याला वेळ लागतो आणि मधे एक पडझडीचा काळ येतोच. न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवलं की पाच महिन्यांचं असताना मालकाचं ऐकणारं पिल्लू आठ महिन्यांचं झालं की मालकाचंच कमी ऐकतं, परक्याचं मात्र ऐकतं. वयात येण्याचा हा उपद्व्याप आहे आणि तो सरतो. तुमच्याकडे कॉलरसाठी येणाऱ्या कुत्र्यांतली किती याच वयाची असतात, हे आपल्या वह्या उघडून बघा. थांबलं असतं तर जे आपोआप निवळलं असतं, त्यावर वीज वापरून श्रेय कॉलरला दिलं जात असेल, तर ते तुम्हालाही कळायला हवं.

एवढं करूनही काही कुत्री उघड्या रानात भरवशाची होत नाहीत. पिढ्यानपिढ्या पाठलागासाठी निवडलेल्या जातींमध्ये पाठलाग हेच बक्षीस असतं, पकडलं नाही तरी. अशा कुत्र्याच्या मालकाला मी सरळ सांगते: कुंपणाच्या आत मोकळा, बाहेर लांब दोरीवर, जन्मभर. पंधरा मीटरच्या दोरीवर फिरून कुठला कुत्रा दुःखी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. 'ऑफ-लीश नाही तर कुत्र्याचं आयुष्य वाया' ही कल्पना मालकाच्या डोक्यात कुणी भरवली, तेही एकदा बोलायला हवं. जाहिरातीतला तो डोंगरमाथ्यावर वारा पीत उभा असलेला कुत्रा मालकाला हवा असतो. कुत्र्याला वास हवे असतात.

कायद्याबद्दल थोडक्यात. वेल्समध्ये २०१० पासून अशा कॉलर वापरायला बंदी आहे, जर्मनीत २००६ च्या संघीय प्रशासकीय न्यायालयाच्या निकालानंतर त्यांचा वापर बेकायदा ठरला, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्येही मनाई आहे. तुमच्यावर बंदी घाला म्हणून मी हे सांगत नाही. मुद्दा साधा आहे: त्या देशांतली कुत्री काही जन्मभर खुंटीला बांधलेली नाहीत. जर्मनीच्या जंगलांत मोकळी फिरतात आणि शिट्टीवर परतही येतात. कॉलरविना ऑफ-लीश जमतच नाही, असं पुन्हा म्हणण्याआधी हे आठवावं.

आता मागण्या. पहिल्या भेटीत मालकाला स्पष्ट सांगा की हे यंत्र कुत्र्याला नकोसं वाटतं म्हणूनच काम करतं आणि पाठलाग थांबवायचा असेल तर दुखेल. तळहातावर दाखवायचंच असेल तर मैदानात जी पातळी लागेल असं तुम्हाला वाटतं ती दाखवा, न सांगता, मालक दुसरीकडे बघत असताना. तयार होतो का बघा. घाबरट कुत्रा, गुरगुरणारा कुत्रा, वयात न आलेलं पिल्लू यांना कॉलर लावायला साफ नकार द्या, मालकाने कितीही गळ घातली तरी. लांब दोरीचं काम काही महिने झाल्याचं दिसल्याशिवाय कॉलरचा विषय काढू नका. व्हिडिओ टाकता ते कापाकापी न करता आणि गाणं न लावता टाका, कॅमेरा कुत्र्याच्या तोंडावर ठेवा, कळवळण्याचा आवाज आला तर तोही राहू द्या. कॉलर कधी उतरणार याची तारीख मालकाला लिहून द्या आणि रिमोट स्वतःजवळ ठेवा.

शेवटची मागणी माझ्या स्वार्थाची आहे. तुमच्याकडचा कुत्रा माझ्याकडे आला तर सोबत एक चिठ्ठी द्या: कोणती पातळी वापरली, कुठे, किती वेळा, आणि दर वेळी बटण दाबलं तेव्हा कुत्रा कशाकडे बघत होता. मालकांना यातलं काहीच सांगता येत नाही. तो सायकलला घाबरतो की हिरव्या सदऱ्याला, हे शोधण्यातच माझे आठवडे जातात, आणि तेवढे दिवस कुत्रा घाबरतच राहतो. तुमच्या वहीतल्या चार ओळींनी ते आठवडे वाचतील.

कळावे.

आपली,
कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणारी एक